दिवाळी सेलमध्ये शास्त्रीय संगीताच्या सीडी, कॅसेटी आणि रेकॉर्डी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी दसरा झाला की हेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. भर हिंदुस्थानी संगीतावर आहे, पाश्चात्त्य क्लासिकलबद्दल शेवटाकडे थोडंसं आहे.

सेल नक्की कधी असतो? कधी बघायला सुरुवात करू?

ऑनलाइनवाल्यांचे सेल नवरात्रात चालू होतात ते दिवाळीपर्यंत रेटतात, मग नोव्हेंबरच्या शेवटी ब्लॅक फ्रायडे, डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव आणि त्याला लागूनच नाताळ. पण खरं सांगायचं तर शास्त्रीय संगीतातली स्वस्ताई सेलमुळे फारशी येत नाही, ती येते दिवाळीच्या साफसफाईमुळे. माळे रिकामे होतात, आजोबांचा कॅसेटचा खोका, न चालणारा रेकॉर्ड प्लेयर आणि त्याच्याबरोबर पन्नासेक रेकॉर्डी हे सगळं "काढून टाका एकदाचं" म्हणून रद्दीवाल्याकडे जातं, तिथून ते बाजारात येतं. त्यामुळे दिवाळीच्या आधीचे दोन-तीन आठवडे आणि नंतरचा एखादा आठवडा हा माल बघायचा काळ. तुमच्या रद्दीवाल्याला आत्ताच सांगून ठेवा, नंबर देऊन ठेवा. हे ऐकायला बावळट वाटतं पण चालतं.

दुकानात जाऊन घ्यायचं असेल तर?

दुकानंच राहिली नाहीत हो. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, पुण्यात कर्वे रोडवरचं अलूरकर म्युझिक हाउस त्याच्याही आधी गेलं, आणि अलूरकर नुसतं दुकान नव्हतं, त्यांनी स्वतःच्या लेबलवर शास्त्रीय गायनाच्या उत्तमोत्तम कॅसेटी काढलेल्या होत्या ज्या आता दिसल्या की लोक झडप घालतात.

आता राहिलं काय, तर पुण्यात जुना बाजार, रविवार आणि बुधवार, सकाळी जितक्या लवकर जाल तितकं बरं. मुंबईत चोर बाजार, म्हणजे मटण स्ट्रीटवरची दुकानं (शुक्रवारी बंद), आणि फोर्टात फाउंटनच्या आसपास फुटपाथवर रेकॉर्डी बसतात. चोर बाजारात भाव सांगताना माणूस आधी तुमच्या बुटांकडे बघतो, हे लक्षात ठेवून जा.

आणि सवाई. आता महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर असतो, तिथे स्टॉलवर सीडी-पुस्तकं असतात. शेवटच्या दिवशी स्टॉलवाल्यांना माल परत न्यायचा कंटाळा आलेला असतो, तेव्हा प्रेमाने विचारलं तर थोडं कमी होतं. मात्र चांगल्या गोष्टी तोवर संपलेल्या असू शकतात, ती रिस्क तुमची.

यूट्यूबवर सगळं फुकट आहे, मग विकत का घ्यायचं?

ऐकायला यूट्यूब चांगलंच आहे, मीही ऐकते. पण तिथे कोणीतरी कॅसेटवरून चढवलेलं असतं, कॅसेटचा स्पीड थोडा जास्त असतो आणि आयुष्यभर काळी एकच्या पट्टीत गाणारा माणूस तिथे काळी दोनमध्ये, म्हणजे वरच्या पट्टीत, गातोय असं होतं, शिवाय तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, साल कुठलं, काही पत्ता नसतो. आणि अलापीच्या ऐन मध्यावर साबणाची जाहिरात. ज्याला हे चालतं त्याने खरंच पैसे खर्च करू नयेत, माझा काही आग्रह नाही.

"९९९ ची सीडी ४९९ ला" हे खरं असतं का?

बहुतेक वेळा नाही. छापील किंमत बघा, कव्हरच्या मागे एमआरपी असते. जी सीडी पूर्वी फार कमी किमतीला छापली गेली तिच्यावर आज ९९९ लिहून मग ५०% कापत असतील तर ती सवलत नाही, नुसतं गणित आहे. उलट कधी कधी सीडी खरोखरच दुर्मिळ झालेली असते आणि ४९९ ला स्वस्तच असते. मग ठरवायचं कसं? डिस्कॉग्स नावाची साइट आहे, तिथे त्या सीडीच्या किंवा रेकॉर्डच्या पानावर आधी झालेल्या विक्रीचे कमीत कमी, मधले आणि जास्तीत जास्त भाव दिलेले असतात. मधला भाव बघायचा. फक्त ते परदेशातले भाव असतात, त्यामुळे भारतातल्या साध्या एचएमव्ही प्रेसिंगसाठी तेवढे मोजायची काही गरज नाही.

माझ्याकडे आधीच असलेलंच रेकॉर्डिंग नव्या नावाने पुन्हा विकत घेतलं जातं. हे ओळखायचं कसं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, त्यामुळे इथे जरा लांबण लावते.

आपल्याकडे स्टुडिओ रेकॉर्डिंग मुळात कमी. एकेका मोठ्या गायकाची एचएमव्हीवरची रेकॉर्डिंग्ज हातांच्या बोटांवर मोजता येतील इतकी असू शकतात, पण त्यांच्या सीडी मोजायला गेलात तर दमाल. कारण तोच मारवा आधी एलपीवर (म्हणजे मोठी, लाँग-प्ले रेकॉर्ड), मग कॅसेटवर, मग सीडीवर, मग "गोल्डन" अमुक, मग "मॉर्निंग टू मिडनाइट" तमुक, मग चार गायकांच्या एकत्र बॉक्समध्ये. कव्हरवर दरवेळी नवीन फोटो, किंवा एखादा सूर्यास्त. सेलमध्ये जे ढिगाने येतं ते मुख्यतः हेच.

ओळखायची पद्धत सोपी आहे पण करावी लागते. मागची बाजू वाचायची. राग, बंदिशीचे शब्द, आणि वेळ. उदाहरण घ्या, उस्ताद अमीर खाँसाहेबांची १९६० ची प्रसिद्ध एलपी, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारव्यात "पिया मोरे अनत देस" आणि मग "गुरु बिन ग्यान न पावे". आता कुठल्याही नव्या सीडीवर अमीर खाँचा मारवा दिसला, बंदिशी ह्याच दोन दिसल्या, आणि लांबी एलपीच्या एका बाजूइतकी, म्हणजे वीस मिनिटांच्या आसपास असली, की समजायचं हे तेच. तिथे पैसे वाचले. पण मारवा जर चाळीस-पन्नास मिनिटांचा असेल तर तो मैफिलीतला किंवा रेडिओवरचा असणार, तो वेगळा, तो बघण्यासारखा.

एक मेख आहे. काही सीडीवर विलंबित (संथ भाग) आणि द्रुत (जलद भाग) हे दोन वेगळे ट्रॅक करतात, काहीत एकच. त्यामुळे एकीकडे २१ मिनिटं आणि दुसरीकडे १४ अधिक ७ असं दिसतं आणि माणूस फसतो. बेरीज करून बघा. दहा-पंधरा सेकंदांचा फरक सोडून द्या, तो ट्रान्सफरमधला असतो.

फोनमध्ये एक साधी यादी ठेवा : कलाकार, राग, बंदिश, मिनिटं. बाजारात उभं राहून आठवत नाही.

आणि मागच्या बाजूला काहीच लिहिलेलं नसेल तर?

तर ठेवून द्या. रागाचं नाव आहे पण साथीदार नाहीत, साल नाही, "लाइव्ह" लिहिलंय पण कुठे ते नाही, अशी सीडी काढणाऱ्याला त्या रेकॉर्डिंगबद्दल फारशी आस्था नसते आणि आवाजही बहुधा तसाच निघतो. अपवाद आहेत पण सेलच्या गर्दीत अपवाद शोधत बसायला वेळ कुणाला आहे.

पहिल्यांदाच घेतोय, कशापासून सुरुवात करू?

"कॉल ऑफ द व्हॅली" घ्या असं सगळे सांगतात, १९६७ चं, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा, आणि सगळे बरोबर आहेत. इतक्या प्रती निघाल्यात की ते कधीही महाग घेऊ नये, थांबलात तर स्वस्तात मिळणारच.

गायनात किशोरीताई आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची रेकॉर्ड, म्हणजे "सहेला रे" वाली. वर सांगितलेला मारवा-दरबारी. मल्लिकार्जुन मन्सूर जे मिळेल ते, माझं मत विचाराल तर मन्सूरांच्या बाबतीत निवड करत बसू नका, अनवट रागांसाठी तर नाहीच. द. वि. पलुसकर अवघ्या चौतिसाव्या वर्षी १९५५ मध्ये गेले, त्यांच्या छोट्या छोट्या तीन मिनिटांच्या रेकॉर्डी एकत्र केलेली सीडी मिळाली तर नवख्या माणसाला त्याच्याइतकी चांगली भेट नाही, राग तीन मिनिटांत पूर्ण उभा राहतो आणि कंटाळा यायला जागाच नाही.

जुन्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली "पिया बिन नाही आवत चैन" आणि भैरवीतली "जमुना के तीर" ही कुठल्या ना कुठल्या संकलनात असतातच. केसरबाई केरकरांची भैरवी "जात कहाँ हो" तर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. गोव्यातल्या केरी गावची बाई आता सूर्यमालेच्या पलीकडे गातेय आणि आपल्याकडे तिची धड सीडी शोधताना घाम निघतो.

सतारीत निखिल बॅनर्जी. त्यांच्या मैफिली न्यूयॉर्कच्या रागा रेकॉर्ड्सने त्यांच्या पश्चात काढल्या, त्या सवलतीत दिसल्या तर विचार करू नका.

सीडी, कॅसेट की एलपी? काय घेऊ?

काय ऐकायचंय त्यावर आहे. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं, एलपीत वीस-पंचवीस, ९० मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला ४५, सीडीत सत्तर-पंच्याहत्तर मिनिटं सलग. गायक त्या मापाने गायलेत. त्यामुळे एलपीच्या काळातलं गाणं नेटकं, घट्ट, आणि सीडीच्या काळातलं ऐसपैस, कधी कधी जरा जास्तच ऐसपैस.

निव्वळ पैशाचा विचार केला तर आज सीडी सगळ्यात फायद्याची. एलपीची फॅशन परत आल्यामुळे भाव चढलेत, कॅसेटही हळूहळू चढतायत, सीडीकडे मात्र कुणी बघत नाही. लोक सीडीचे खोके अक्षरशः देऊन टाकतात. प्लेयर नसेल तर जुना डीव्हीडी प्लेयर पण चालतो.

एलपीवर EALP (ईएएलपी), EASD (ईएएसडी) असं लिहिलेलं असतं ते काय?

एचएमव्हीचे नंबर. ईएएलपी म्हणजे मोनो, ईएएसडी म्हणजे स्टीरिओ. मोनो बघून नाक मुरडू नका, गाण्यासाठी मोनो उत्तम असतं.

जुन्या बाजारात एलपी घेताना काय बघायचं?

कव्हरच्या आत तीच रेकॉर्ड आहे का ते आधी बघा, बाहेर भीमसेन आणि आत "जय संतोषी माँ" हे नेहमीचं आहे. मग रेकॉर्ड बाहेर काढून उन्हात तिरकी धरा. केसासारखे बारीक ओरखडे चालतात, नख फिरवल्यावर लागतो तो ओरखडा चालत नाही, तिथे सुई उडी मारणार. मधल्या भोकाभोवती लेबलवर पांढऱ्या रेघा खूप असतील तर ती रेकॉर्ड प्रचंड वाजलेली आहे. डोळ्यासमोर आडवी धरून वाकलीय का बघा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरातून आलेली असेल तर पांढरट बुरशीचे ठिपके असतात, ती बहुतेकदा डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापडाने निघते, तेवढ्यासाठी सोडू नका, उलट त्यावरून भाव पाडा.

शास्त्रीयची एक गंमत म्हणजे सिनेमाच्या रेकॉर्डी घासून घासून संपलेल्या असतात आणि त्याच खोक्यातली कुणाच्या तरी लग्नात भेट आलेली ख्यालाची रेकॉर्ड एकदाच वाजलेली असते.

७८ च्या तबकड्या घेऊ का?

चालवायला काही आहे का तुमच्याकडे? एलपीची सुई चालत नाही, ७८ ला जाड सुई लागते, आणि एलपीच्या सुईने वाजवलंत तर आवाजही धड येत नाही. त्या लाखेच्या असतात, पडल्या की फुटतात, आणि स्पिरिट किंवा अल्कोहोलने कधीच पुसायच्या नाहीत, लाख विरघळते. शोभेला घेत असाल तर फुटलेल्या घ्या, चांगल्या कुणा ऐकणाऱ्यासाठी सोडा.

ह्यात खोल जायचं असेल तर मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे, १९९० ची, त्यांच्या "द रेकॉर्ड न्यूज" ह्या नियतकालिकाचे जुने अंक नेटवर वाचायला मिळतात. कुठल्या गायकाने काय काय रेकॉर्ड केलं ह्याच्या याद्या त्यात आहेत. सेलमध्ये उतरायच्या आधी एक दुपार त्यात घालवा.

कॅसेटचं काय?

कॅसेट घेताना चार कोपऱ्यात स्क्रू आहेत का बघा. स्क्रूवाली उघडता येते, चिकटवलेली फोडावी लागते. मग खालच्या उघड्या बाजूने आत बघा, टेपच्या मागे स्पंजचा छोटा तुकडा पत्र्याच्या पट्टीवर असतो, तो बऱ्याच जुन्या कॅसेटमध्ये गळून पडलेला असतो आणि मग आवाज दबलेला येतो. स्क्रूवाली असेल तर दुसऱ्या कुठल्या तरी भजनाच्या कॅसेटमधला स्पंज काढून ह्यात बसवायचा, पाच मिनिटांचं काम. टेपवर पांढरं काही दिसलं तर प्लेयरमध्ये घालू नका, हेड खराब होईल.

कॅसेट घ्यायचं खरं कारण एकच, बऱ्याच छोट्या लेबलांच्या मैफिली सीडीवर आल्याच नाहीत. अशी दिसली तर भाव न करता घ्या.

ऑनलाइन मागवलेली सीडी नकली निघू शकते का?

निघते. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने सीलबंद म्हणून पाठवलेली सीडी चक्क घरी कॉपी केलेली होती, कव्हर पण कलर झेरॉक्स. ओळखायची खूण : सीडी उलटी करा. कारखान्यात छापलेली स्वच्छ चंदेरी दिसते आणि आतल्या कड्यावर बारीक कोरलेला नंबर असतो. राइट केलेलीवर हिरवट, निळसर किंवा जांभळट झाक असते. काही छोटी लेबलं अधिकृतपणेच सीडी-आर, म्हणजे अशा राइट केलेल्या सीडी, विकतात, ते तसं लिहितात, त्यात गैर काही नाही, पण "ओरिजिनल" म्हणून पैसे घेतले असतील तर परत करा, आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा म्हणजे वाद घालता येतो.

"रीमास्टर्ड" लिहिलेलं चांगलं का?

तानपुरा ऐका. जुन्या रेकॉर्डिंगमधली खरखर काढायच्या नादात कधी कधी तानपुराच काढून टाकतात. गायक श्वास घेतो त्या फटीत मागे जवारी, म्हणजे तानपुऱ्याचा गुंजणारा झणकार, ऐकू येतेय का, की एकदम पाण्याखाली गेल्यासारखं होतंय? पाण्याखाली गेलं तर ते रीमास्टरिंग नको, खरखरीसकट जुनं बरं. घेण्याआधी अ‍ॅपवर त्याच अल्बमचं एक मिनिट ऐकता येतं, एवढं करा.

एमपीथ्री सीडी, पेन ड्राइव्ह, कारवां वगैरे?

आईबाबांना द्यायला कारवां, म्हणजे आधीच गाणी भरलेला रेडिओसारखा प्लेयर, छान आहे, सारेगामाने २०१७ मध्ये आणलं, मराठी पण आहे, बटण दाबलं की चालू. पण बसून ख्याल ऐकणाऱ्याला त्यात मजा नाही. "पन्नास तास शास्त्रीय संगीत" वाल्या एमपीथ्री सीडी आणि पेन ड्राइव्ह मी घेत नाही, आवाज दाबलेला असतो आणि पन्नास तासांतले पंचेचाळीस तुम्ही ऐकणार नाही.

नवीन छापलेल्या महागड्या एलपी सेलमध्ये घ्याव्यात का?

मूळ टेपवरून केलीय का डिजिटल फाइलवरून ते लिहिलेलं असेल तर वाचा. लिहिलेलं नसेल तर समजून जा. त्या पैशात जुनी एचएमव्ही प्रत आणि वर एखादी सीडी येते.

फुकट आणि कायदेशीर काही आहे का?

आहे की. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं असतो, म्हणजे १९६० ला आलेल्या रेकॉर्डचा २०२० च्या अखेरीस संपला. त्यामुळे आंतरजालावरच्या सार्वजनिक संग्रहांत जुन्या ७८ आणि सुरुवातीच्या एलपी ऐकायला मिळतात, संग्राहकांनी मेहनतीने चढवलेल्या. परदेशात असाल तर तिकडचे नियम वेगळे असतात हे ध्यानात ठेवा. आकाशवाणीचं रागम चॅनेल चोवीस तास शास्त्रीय संगीत लावतं, २०१६ पासून चालू आहे, अ‍ॅपवर मिळतं. आकाशवाणीने स्वतःच्या संग्रहातल्या मैफिली "आकाशवाणी संगीत" नावाने सीडीवर पण काढल्या, त्या मुळातच महाग नव्हत्या, कुठे पडलेल्या दिसल्या तर उचला.

मी अमेरिकेत/इंग्लंडमध्ये आहे, इथून काय घेऊ?

तुम्ही खरं तर आमच्यापेक्षा नशीबवान. लंडनच्या नवरस रेकॉर्ड्सने मैफिलींच्या लांब सीडी काढल्या, त्या तिकडच्या सेकंडहँड दुकानांत "वर्ल्ड म्युझिक" नावाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या असतात आणि दुकानदाराला त्यातलं काही कळत नसतं, त्यामुळे भाव सगळ्यांना एकच. ब्लॅक फ्रायडेला त्या कोपऱ्यावर सरसकट सूट असेल तर बघायलाच नको. डाउनलोड घ्यायचे असतील तर बँडकॅम्पवर थेट कलाकाराकडून घ्या, त्यांचा बँडकॅम्प फ्रायडे असतो तेव्हा साइट स्वतःचा वाटा सोडते आणि ते पैसे कलाकाराला जातात. भारतात येताना सीडी हातातल्या सामानात, एलपी मागवू नका, पोस्टाचाच खर्च रेकॉर्डपेक्षा जास्त होतो.

मला बाख-बेथोवन ऐकायचंय, त्याचं काय?

तिथे गणित उलटं. पाश्चात्त्य क्लासिकलमध्ये मोठी लेबलं आपला सगळा जुना माल बॉक्स सेटमध्ये भरून विकतात, आणि सेलमध्ये एका सीडीमागे पडणारी किंमत खरंच कमी होते. नॅक्सॉस १९८७ पासून आहेच स्वस्ताईसाठी, ब्रिलियंट क्लासिक्सचे जाडजूड बॉक्स असतात. पण पन्नास सीडींचा बॉक्स घेऊन त्यातल्या चारच ऐकल्या तर स्वस्त कुठे झालं? त्यापेक्षा एकच काम दोन वेगळ्या वेळी वाजवलेलं घ्या, ग्लेन गूल्डचं गोल्डबर्ग व्हेरिएशन्स १९५५ चं आणि १९८१ चं, आणि लागोपाठ ऐका. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला ह्यात जास्त रस वाटेल असा माझा अंदाज आहे.

भाव किती करायचा?

बाजारात एकेकाचा करू नका, सात-आठ बाजूला काढा आणि सगळ्याचे मिळून विचारा. जी हवीच आहे ती ढिगाच्या मधोमध घाला, वर ठेवू नका. आणि अर्ध्याच्या खाली पाडायचा हट्ट नको, पुढच्या वेळी त्याच माणसाकडे जायचंय, त्याने तुमच्यासाठी काही बाजूला काढून ठेवावं असं वाटत असेल तर त्याला चार पैसे सुटू द्या.

आमच्याकडे वडिलांचा मोठा संग्रह आहे, दिवाळीआधी काढायचाय. कुणाला देऊ?

रद्दीवाल्याला आत्ता नको. आधी सगळ्याचे फोटो काढा, कव्हरची पुढची-मागची बाजू आणि रेकॉर्डवरचं लेबल. त्यात घरी टेप केलेल्या कॅसेटी असतील, वर पेनने "गणेशोत्सव, दुसरा दिवस" असं काहीतरी लिहिलेल्या, तर त्या वेगळ्या काढा, त्या दुकानातल्या कुठल्याही रेकॉर्डपेक्षा मोलाच्या असू शकतात कारण त्याची दुसरी प्रत कुठेच नसते. त्या आधी कुणा जाणकाराला ऐकवा, डिजिटल करून घ्या. बाकीचं एकगठ्ठा कुणा ऐकणाऱ्याला द्या, सुटं सुटं विकायला गेलात तर चार चांगल्या जातील आणि उरलेला ढीग पुढच्या दिवाळीपर्यंत तुमच्याच माळ्यावर.